तार की अलायनर? आधी चहाचा हिशोब

“दिवसातून चहा किती वेळा होतो?”

हा प्रश्न विचारला की समोरच्याला वाटतं, डॉक्टर चहा मागवतायत. मार्केट यार्डातले एक हळदीचे अडते पहिल्यांदा आले तेव्हा तेही घाईघाईने म्हणाले, “नको नको, आत्ताच झाला.” मग बोटं मोजायला लागले. उठल्या उठल्या एक, दुकान उघडताना एक, सौदे चालू असताना दोन, दुपारी घरी एक, आणि संध्याकाळी हिशोबाला जो येईल त्याच्याबरोबर एक-दोन. झाले सात. वय सेहेचाळीस, खालचे पुढचे चार दात एकमेकांच्या खांद्यावर चढलेले, आणि हातातल्या मोबाइलवर पुतण्याने पाठवलेला, दात सरळ करणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या पारदर्शक अलायनरचा व्हिडिओ. “तार लावायचं हे वय आहे का? ते न दिसणारं लावा,” एवढंच त्यांचं म्हणणं.

सांगलीत वाकडे दात सरळ करण्याचं काम मी अठरा वर्षं करतोय. तार आणि अलायनर दोन्ही लावतो, त्यामुळे एकाला नावं ठेवून मला काही मिळायचं नाही. माझ्या लेखी दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक असा: तार चोवीस तास आपलं काम करत राहते, तुमचं मन असो नसो. अलायनर तुम्ही जेवढा वेळ तोंडात ठेवाल तेवढाच वेळ काम करतो. म्हणून मी आधी चहा विचारतो, दात नंतर बघतो.

पण दात सरकतो तरी कसा? हे एकदा कळलं की पुढच्या निम्म्या शंका उरत नाहीत. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. त्या तंतूंवर दात टांगलेला असतो. म्हणून तर भातातला बारीकसा खडा दाताखाली आला की डोक्यापर्यंत कळ जाते. दाताला हळूहळू पण सतत एका बाजूला रेटलं, की जिकडे हा थर दबतो तिकडचं हाड शरीर स्वतःच पोखरू लागतं आणि जिकडे तो ताणला जातो तिकडे नवं हाड भरू लागतं. एका जातीच्या पेशी हाड खातात, दुसऱ्या जातीच्या बांधतात. आमच्या कृष्णेच्या वळणावर बघा, नदी एक काठ कापत जाते आणि समोरच्या काठाला गाळ टाकत जाते. पात्र सरकतं, पण नदी तुटत नाही. दाताचंही तसंच.

या खोदकामाचा वेग ठरलेला आहे. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, कुणाचं थोडं जास्त, कुणाचं थोडं कमी. “डॉक्टर, जरा जास्त टाइट करा, मे महिन्यात लग्न आहे,” असं सांगणारे दर हंगामात भेटतात. जोर वाढवला तर दाबाखालच्या जागेचा रक्तपुरवठाच आवळला जातो, हाड खाणाऱ्या पेशींना तिथे पोचता येत नाही, आणि दात पुढे जायचा सोडून अडून बसतो. वर मुळाचं टोक झिजण्याची भीती असते ती वेगळीच. हाडाला धातू कळत नाही आणि प्लॅस्टिकही कळत नाही, त्याला कळतो तो फक्त दाब: किती, कुठल्या दिशेने आणि किती वेळ.

आता तार. प्रत्येक दातावर चिकटवलेला स्टीलचा छोटा चौकोन म्हणजे ब्रॅकेट. त्याच्या मधोमध एक खाच असते, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित रुंद. त्या खाचेतून तार जाते आणि ती निसटू नये म्हणून वरून रबराची बारीक रिंग बसवतात. पूर्वी प्रत्येक दाताला धातूची पट्टी गोल गुंडाळायला लागायची. दाताचा पृष्ठभाग आम्लाने किंचित खरखरीत केला की त्यावर चिकटवता येतं, हे १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवलं, आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्या पट्ट्या पुढच्या दातांवरून हद्दपार झाल्या.

सुरुवातीची तार निकेल आणि टायटॅनियमची असते. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला, दातांशी त्याचा तेव्हा काडीचा संबंध नव्हता. त्याचा गुण असा की कितीही वाकवा, तो आपला मूळ आकार विसरत नाही. १९७०च्या दशकात जॉर्ज अँड्रियासन यांनी तो दातांच्या तारेसाठी वापरायला घेतला. वाकड्या दातांच्या खाचांमधून आम्ही ही तार नागमोडी ओवतो आणि ती पुढचे कित्येक आठवडे पुन्हा कमान व्हायच्या धडपडीत दातांना आपल्याबरोबर ओढत नेते. लोकांना वाटतं डॉक्टर दर महिन्याला स्क्रू पिळतो. स्क्रू वगैरे काही नसतो. दात ओळीत आले की मग जाड, चौकोनी स्टीलची तार येते. चौकोनी तार चौकोनी खाचेत घट्ट बसते, त्यामुळे दाताचा नुसता मुकुटच नाही तर हाडातलं मूळसुद्धा हवं तिकडे कलवता येतं. तारेची खरी ताकद इथे आहे, आणि अलायनरची खरी अडचणही इथेच.

अलायनर म्हणजे दातांवर टोपीसारखी बसणारी पारदर्शक, पातळ प्लॅस्टिकची खोळ. कल्पना तशी जुनी. हॅरोल्ड केस्लिंग यांनी १९४५ सालीच, दात थोडे थोडे सरकवलेले साचे करून त्यावर एकामागून एक साधनं बनवता येतील, असं मांडलं होतं. पण प्रत्येक पायरीला मेणात दात हाताने बसवायचे म्हटल्यावर कोण करणार? ते काम पुढे संगणकाने केलं. स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या झिया चिश्ती यांनी मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. नंतरचा पारदर्शक रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर राहावेत म्हणून घालायचं साधन) काही दिवस घालायचा राहिला की दात किंचित हलतात आणि पुन्हा घातला की जागेवर येतात, हे त्यांनी पाहिलं. रिटेनर जर दात परत आणू शकतो, तर नव्या जागी नेऊ का शकणार नाही? त्यातून १९९७ साली केल्सी वर्थ यांच्या जोडीने कंपनी निघाली, आणि ‘इन्व्हिसलाइन’ हे नाव जगभर गेलं. दोघांपैकी कुणीही दंतवैद्य नव्हतं. मूळ पेटंट्सची मुदत २०१७पासून संपू लागली तशा इतर कंपन्या आल्या, आपल्याकडच्याही आल्या, आणि आता रस्त्यावरच्या होर्डिंगवर अलायनर दिसतो.

काम असं चालतं. तोंडाचं स्कॅनिंग होतं, संगणकावर दात आजच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत टप्प्याटप्प्याने सरकवले जातात, प्रत्येक टप्प्याचा साचा थ्रीडी प्रिंट होतो आणि त्यावर गरम प्लॅस्टिकचा पत्रा ओढून खोळ तयार होते. एक खोळ दाताला फार तर पाव मिलिमीटर सरकवते. आठवडा-दोन आठवड्यांनी पुढची. कुणाला बारा पुरतात, कुणाला चाळीस लागतात.

संगणकाच्या पडद्यावर दात पाण्यातल्या होडीसारखे सरकताना दिसतात, आणि तो व्हिडिओ पाहून लोक भुलतात. मी तर म्हणेन, त्या व्हिडिओला निवडणुकीच्या जाहीरनाम्यासारखं बघावं. पुढच्या दातांच्या ठरवलेल्या हालचालींपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात उतरल्याचं २००९च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. २०२०च्या तशाच अभ्यासात हा आकडा ५० टक्क्यांवर आला. म्हणजे निम्मे पैसे वाया, असा याचा अर्थ नाही. मधे पुन्हा स्कॅन करून नव्या खोळांचा दुसरा, कधी तिसरा संच मागवायला लागतो, आणि तसं काम पुरं होतंही. फक्त ‘आठ महिने’ म्हणून सांगितलेलं वर्षावर जातं, ते आधी कुणी सांगत नाही.

असं का होतं, ते सुळ्यावरून समजेल. सुळा उभा, गोल, निमुळता. तो जागच्या जागी फिरवायचा असेल तर प्लॅस्टिकची खोळ त्याला धरणार कशाला? ओल्या हाताने बरणीचं गुळगुळीत झाकण फिरवून बघा. म्हणून दातावर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवायला लागतात. आम्ही त्यांना अटॅचमेंट म्हणतो, पेशंट ‘टेंगळं’ म्हणतात, आणि टेंगळंच बरोबर आहे. ‘न दिसणारं’ म्हणून घेतलेल्या उपचारात दहा-बारा दातांवर ही टेंगळं येतात, हे ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो. एवढं करूनही सुळा कधी मागे राहतो. ते ओळखायची खूण घरबसल्या सापडते: आरशात बघा, खोळ दातावर गच्च बसलीय की दाताच्या टोकाशी काजळाच्या रेघेएवढी हवेची पोकळी दिसतेय? पोकळी दिसत असेल तर दात खोळेच्या मागे पडलाय. अशा वेळी पुढची खोळ घालायची घाई करू नये, फोन करावा.

फिरवणं जसं अवघड, तसंच दात खाली ओढून आणणं आणि मुळासकट लांब नेणं अवघड. दात फार पुढे असतील आणि जागा करायला चार दाढा काढायच्या असतील (पुढच्या लहान दाढा, अक्कलदाढा नव्हेत), तर ती सहा-सात मिलिमीटरची फट बंद करताना अलायनरमध्ये दात एकमेकांकडे कलतात, मुळं मागेच राहतात. हाडात अडकलेला सुळा खेचून ओळीत आणायचा असेल तर माझ्या हातात तारच असते. याच्या उलट, थोडी दाटी, थोड्या फटी, लहानपणी तारा लावून नंतर पुन्हा किंचित वाकडे झालेले दात, इथे अलायनर छान काम करतो आणि मी बिनदिक्कत देतो.

दात काढायचा विषय निघालाच आहे तर, वरचा दात काढला की नजर जाते, ही भीती अजून पुष्कळ घरांत आहे. दर आठवड्याला एक तरी आजी हे सांगते. दाताची शीर आणि डोळ्याने बघायची शीर या दोन वेगळ्या शिरा आहेत. वयाच्या ज्या टप्प्यावर दात काढावे लागतात, त्याच टप्प्यावर पुष्कळांना चष्माही लागतो, एवढंच.

आता परत चहाकडे. अलायनर दिवसाला बावीस तास तोंडात हवा. उरले दोन तास, म्हणजे एकशेवीस मिनिटं. खाताना आणि पाण्याखेरीज काहीही पिताना तो काढावा लागतो: गरम चहाने प्लॅस्टिकचा आकार बिघडतो, रंग चढतो, आणि साखर खोळेत अडकून दाताला धरून बसते. दोन जेवणं आणि नाश्ता मिळून सत्तर मिनिटं धरा. एक चहा नुसता पिऊन होतो पाच मिनिटांत, पण खोळ काढणं, चहा, गप्पा, चूळ, खोळ धुऊन पुन्हा घालणं, यात पंधरा मिनिटं कुठेच गेली नाहीत. सात चहा म्हणजे एकशेपाच. हळदीच्या शेठचा हिशोब तिथेच तुटला. आणि कुणी सोळा-सतरा तासच घातला, तर अलायनर नीट काम करतच नाही. तो दात थोडा नेतो, काढल्यावर दात थोडा परत येतो, आणि पुढच्या खोळेच्या वेळी काहीच बसत नाही. सतत दाब हवा, हे वर म्हटलं ते याचसाठी.

हरवायचं तर विचारूच नका. खोळ कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवायची आणि वाढपी ताटासकट घेऊन जायचा, हा प्रकार लग्नसराईत इतका नेमाने होतो की मी डबीशिवाय खोळ देतच नाही. एका कॉलेजच्या मुलीने कार्यालयाच्या मागच्या पिंपात हात घालून स्वतःची खोळ शोधून काढली होती. मी तिचं कौतुक केलं आणि ती खोळ फेकायला लावली.

मग तार बिनघोर का? नाही. तारेत अन्न अडकतं, आणि सांगली-मिरजेकडे अन्न म्हणजे भडंग, कडक भाकरी, दिवाळीत चकली आणि उसाचं कांडं. ऊस दाताने सोलायचा नाही म्हटलं की शेतकऱ्याचा पोरगा माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याला जमीन विकायला सांगितलीय. पेरू, सफरचंद चिरून खा, चिक्की आणि फुटाणे बंद, कणसाचे दाणे काढून खा. ब्रॅकेट निघाला की दोन-तीन आठवडे वाया जातात आणि वर आईची बोलणी बसतात. गालाला तार टोचते तेव्हा मेणाची गोळी करून लावायची. सुरुवातीचे चार-पाच दिवस दात ठणकतात, तेव्हा खिमट, मऊ भात, उप्पीट.

पण तारेचा खरा धोका वेगळा आहे. ब्रॅकेटच्या कडेने कीटण साठलं की तिथलं दाताचं खनिज विरघळतं आणि पांढरे खडूसारखे डाग उमटतात. तारा काढल्यावर दात सरळ, पण प्रत्येकावर चौकोनी पांढरी चौकट. हे डाग सहसा पूर्ण जात नाहीत. चौदा वर्षांचा मुलगा ब्रश नीट करत नसेल तर मी तारा लावायचं पुढे ढकलतो, आईवडील कितीही रागावले तरी. अलायनर काढून ब्रश करता येतो, हा त्याचा फार मोठा फायदा आहे.

आणि हळद. दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट मिळतात, लांबून फारसे कळत नाहीत, पण त्यावरची पारदर्शक रबराची रिंग पहिल्या आमटीला पिवळी होते. आमच्या गावात तर आमटीचीही गरज नाही, यार्डात श्वास घेतला तरी पुरे, असं मी गमतीने म्हणतो. मुलं हुशार असतात, ती निळ्या नाहीतर काळ्या रिंगा मागतात.

पैशांचं थोडक्यात. साध्या तारेपेक्षा अलायनर दुपटीपासून पाच-सहापटीपर्यंत महाग पडतो, कंपनी आणि खोळांच्या संख्येप्रमाणे. कुठेही विचारताना दुसरा संच लागला तर त्याचे पैसे धरलेत का, आणि शेवटचे रिटेनर धरलेत का, हे दोन प्रश्न विचारावेत. खिसा अगदीच आखडता असेल तर मुंबईत, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे; तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तारा लावतात. वेळ जास्त मोडतो, काम चांगलं होतं.

घरी पेटी मागवून, स्वतःच ठसा घेऊन, डॉक्टरचं तोंड न बघता अलायनर घेण्याच्या फंदात मात्र पडू नका. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी याच धंद्यावर मोठी झाली आणि डिसेंबर २०२३मध्ये एका फटक्यात बंद पडली; कित्येकांचे दात अर्ध्या वाटेवर राहिले. एक्स-रेशिवाय मुळं किती लांब आहेत, हाड किती उरलंय, आत एखादा दात आडवा आहे का, काहीच कळत नाही. चाळिशीनंतर तर हे फारच महत्त्वाचं. हिरड्यांतून रक्त येत असेल, हाड खचलेलं असेल, साखर ताब्यात नसेल, तर आधी ते सगळं मार्गी लावायचं. सैल झालेल्या जमिनीत खांब सरकवायला गेलं तर खांबच पडायचा. दात सरकवण्याचं शिक्षण म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस, तेही ऑर्थोडॉन्टिक्समध्ये. पाटीवर ते आहे का बघायला लाजू नये.

आता उरला रिटेनर. हाड नव्या जागी भरलं तरी हिरडीतले तंतू ताणलेल्या रबरासारखे कित्येक महिने दाताला जुन्या जागी ओढत राहतात, आणि वयाबरोबर दात तसेही थोडे सरकतातच. तार लावा की अलायनर, नंतर रिटेनर चुकत नाही. पहिले काही महिने दिवसरात्र, मग रोज रात्री, आणि रात्रीचा शक्यतो कायमचा. याला कुणीही तयार नसतं.

शेठच्या एक्स-रेत खालचं हाड ठीक होतं, हिरड्या साफ करून घ्यायला लागल्या. नुसते दात बघितले तर ती केस अलायनरची होती, माझी स्वतःची असती तर मी अलायनरच घेतला असता. दोन्ही हिशोब कागदावर मांडून मी त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी पावतीपुस्तक तपासावं तसा चहाचा हिशोब दोनदा तपासला. “चहा कमी केला तर गिऱ्हाईक म्हणेल, शेठ आता चहासुद्धा पाजत नाही.” मग खालच्या दातांना तारा लावायचं ठरलं. रबराच्या रिंगा पिवळ्या होणार म्हणून रिंगांऐवजी केसासारख्या बारीक स्टीलच्या तारेने बांधले, त्याला हळद चढत नाही. खालचा ओठ त्यांचा मुळातच जाड, बोलताना काही दिसायचं नाही.

दहा महिन्यांनी काढल्या. दातांच्या आतल्या बाजूने एक बारीक तार कायमची चिकटवली, तोच रिटेनर. आरसा हातात दिला तर त्यांनी दातांकडे अर्धा मिनिट बघितलं, जीभ आतल्या तारेवरून फिरवली आणि विचारलं, “ही काढायला लागत नाही ना चहाला?”